वाचनालयाने आमच्या घरातले नेमके किती पैसे वाचवले (हिशोबासकट)

ताकभात

मागच्या एप्रिलमध्ये नवऱ्याने बसून वर्षभराचे यूपीआयचे आणि कार्डाचे खर्च काढले, कारण 'एवढे पैसे जातात तरी कुठे' हे भांडण आमच्याकडे दर वर्षी आंब्याच्या मोसमात होतंच. किराणा, फी, पेट्रोल हे सगळं माहितीच होतं. धक्का बसला तो पुस्तकांच्या आकड्याचा. मुलांची पुस्तकं ७,८०० (एक अकरा वर्षांची, एक सहा वर्षांचा), माझी ३,२००, चार दिवाळी अंक १,६०० आणि सासूबाईंची दोन मासिकं १,५००. एकूण १४,१००. पुस्तकांवर खर्च झाला याचं वाईट नाही वाटलं हो, पण त्याच संध्याकाळी लेकीने अडीचशेचं नवीन पुस्तक जेवायच्या आधी उघडलं आणि ताटं घ्यायच्या वेळेला संपवून सोफ्यावर टाकलं. चाळीस मिनिटं. त्यानंतर ते पुस्तक आजतागायत कोणी हातात धरलेलं नाहीये.

आम्ही डोंबिवलीत राहतो. घरापासून चालत बारा मिनिटांवर वाचनालय आहे, मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे, आणि मी तिथे इतक्या वर्षांत एकदाही गेले नव्हते. फक्त समोरच्या गाडीवर वडापाव खाल्ला होता. मे महिन्यात सासूबाईंच्या नावाने मोठं कार्ड काढलं (दोन पुस्तकं, एक मासिक, महिना १२०) आणि मुलांचं बालविभागाचं एक (महिना ५०). अनामत ८०० आणि ३००, ती परत मिळते म्हणून हिशोबात धरलेली नाही.

तर आता वर्ष झालं. वर्गणी २,०४०. दिवाळी अंक योजनेचे वेगळे ४००. दंड ९५ (सगळा माझ्यामुळे). आणि तरीही विकत घेतलेली पुस्तकं २,१००. म्हणजे ४,६३५. गेल्या वर्षीपेक्षा ९,४६५ कमी, आणि वाचलं मात्र सगळ्यांनी मिळून तिप्पट तरी.

आता खरी गोष्ट. पहिले दोन महिने पैसे काहीही वाचले नाहीत, उलट वर्गणी पण जात होती आणि पुस्तकंही येत होती, कारण जायचंच राहून जायचं. मग शनिवार संध्याकाळ ठरवून टाकली, भाजी घ्यायला जातोच तिकडे. दारामागच्या खुंटीवर एक कापडी पिशवी, वाचून झालं की पुस्तक कपाटात नाही, टेबलावर नाही, थेट पिशवीत. पुस्तकाच्या मागे तो तारखेचा कागद असतो ना शिक्के मारलेला, त्याचा मोबाइलवर फोटो. आणि विकत घ्यायचा नियम असा की कुठलंही पुस्तक आधी वाचनालयातून आणायचं आणि तेच परत तिसऱ्यांदा मागितलं तर विकत. धाकट्याने हत्तीचं एक पुस्तक पाच वेळा आणलं, शेवटी काउंटरवरच्या ताईच म्हणाल्या, अहो घेऊन टाका त्याला. तर ते २,१०० म्हणजे असली पुस्तकं. ती खरंच रोज वाचली जातात, वरणाचे डाग पडलेत त्यांच्यावर.

सासूबाईंची वेगळीच गंमत. त्या आठवड्याला दोन कादंबऱ्या संपवतात आणि वाचलेलं पुस्तक चुकून परत येऊ नये म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या ३३ व्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलने एक बारीक टिंब देतात. मला हे आत्ता कळलं.

तुमच्याकडे वर्गणी किती आहे? आणि पुस्तकांशिवाय अजून काय काय उपयोग करून घेता येतो? लिहा जरा.

जुना_बाड

हिशोब आवडला, कारण खरा आहे. आमचे एक नातेवाईक सांगत सुटलेत की त्यांनी वर्षात दोनशे पुस्तकं वाचली, एक पुस्तक तीनशेचं म्हणजे साठ हजार वाचवले. अहो पण तुम्ही ती दोनशे पुस्तकं विकत घेणार होतात का? जन्मात कधी घेतली होती का? जे खर्चच होणार नव्हते ते वाचले कसे! तुम्ही मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चातून वजा केलंत, हे बरोबर.

फक्त एक, दोन्ही मिळून अकराशे अनामत गेली असं समजूनच चाला. आपण कुठे ती परत घ्यायला जातो.

टपालपेटी

अनामतीवरून आठवलं. आमच्या भागात एक खाजगी लायब्ररी होती, घरपोच पुस्तकं द्यायची, मुलगा स्कूटरवर यायचा दर बुधवारी. नाव नाही लिहीत. सहा महिन्यांची वर्गणी आगाऊ भरली तर एक महिना फुकट म्हणून मी हावरटासारखी भरली, वर दीड हजार डिपॉझिट, आणि तिसऱ्या महिन्यात शटर बंद, फोन बंद. माझ्याकडे त्यांची दोन पुस्तकं राहिली तेवढीच वसुली, त्यातलं एक शेअर मार्केटचं होतं जे मी उघडलंही नाही. तेव्हा आगाऊ भरू नका आणि पावती जपून ठेवा एवढं सांगते. जुन्या, संस्थेच्या वाचनालयांचं बरं असतं, ती आपल्या आधीपासून आहेत आणि आपल्या नंतरही राहतील.

ताकभात

@जुना_बाड, नवरा पण हेच म्हणाला अनामतीबद्दल :) पावती मात्र रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीये, म्हणजे घर जळलं तरी ती वाचेल.

@टपालपेटी, बापरे.

दाखल_क्रमांक

एकतीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त. धागा पाहून राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबेल.

सासूबाईंचं टिंब आम्हाला माहिती असतं बरं का. प्रत्येक जुन्या वाचकाची खूण ठरलेली. कोणी पान २१ वरचा आकडा गोल करतं, कोणी शेवटच्या पानावर सहीचं पहिलं अक्षर. पुस्तकावर लिहू नये असा नियम आहे आणि मी जन्मभर पाट्या लावल्या, पण या खुणांकडे कानाडोळा केला. एखाद्या पुस्तकाला नऊ खुणा दिसल्या की आम्ही दुसरी प्रत मागवायचो, रजिस्टर बघायची गरज नसे.

आता कामाचं. लोक येतात, कपाटांसमोर उभे राहतात आणि म्हणतात चांगलं काही नाहीच. चांगलं कपाटात नसतंच हो! ते लोकांच्या घरी असतं आणि परत आलं की काउंटरशेजारच्या टेबलावर किंवा ट्रॉलीवर पडतं, जागेवर लावेपर्यंत. आधी तिथे बघायचं. आणि तरी हवं ते नसेल तर नाव लावून ठेवायचं, आल्यावर फोन करतात, निदान आम्ही करायचो.

दुसरं, मागणी वही. प्रत्येक वाचनालयात असते, कुठे तिला सूचना वही म्हणतात, आणि तिच्यात लिहायला कोणी येत नाही. आम्ही खरेदीला बसायचो तेव्हा सभासदांची मागणी आधी बघायचो. वर्षाला चार पालकांनी जरी मुलांच्या पुस्तकांची नावं लिहिली तरी बालविभागाचा चेहरा बदलतो. आमच्याकडे एक बाई होत्या, दर महिन्याला नेमाने एक नाव लिहायच्या, आणि त्यांच्या मुलीचं लग्न होईपर्यंत वाचनालयातली विज्ञानाची बाजू त्यांनी एकटीने भरून काढली असं म्हटलं तरी चालेल.

पुस्तक हरवलं तर घाबरून तोंड लपवू नका. दुकानात तेच पुस्तक मिळत असेल तर नवीन आणून द्या, बहुतेक ठिकाणी चालतं आणि दंडापेक्षा स्वस्त पडतं. फाटलं तर घरी सेलोटेप लावू नका, हात जोडून सांगतो. टेप पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. तसंच आणून द्या, बांधणीवाला बघेल.

मेपल_आणि_मोदक

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये असतो. इथे लायब्ररी हा प्रकार समजायलाच मला दोन वर्षं लागली. गावात राहत असल्याचा पुरावा दाखवला की कार्ड, वर्गणी नाही, अनामत नाही. पुस्तकं एका वेळी किती घ्यावीत याला जवळजवळ मर्यादाच नाही, आमची पोरं चाकांची बॅग घेऊन जातात.

पण पैसे वाचतात ते पुस्तकांच्या पलीकडे. म्युझियमचे पास मिळतात लायब्ररीतून, तारीख आधी बुक करायची. चौघांचं कुटुंब म्युझियमला गेलं तर पार्किंग-खाणं सोडून तिकिटांचेच शंभर डॉलर सहज जातात, पासवर ते निम्म्यावर येतात, कधी फुकटही. लिबी नावाचं ॲप आहे, त्यावर लायब्ररीच्या कार्डावर ई-बुक्स आणि ऑडिओबुक्स, मी ऑफिसला जाताना ऐकते म्हणून ऑडिओबुकचं महिन्याचं सबस्क्रिप्शन बंद केलं. राज्यात कुठेही राहत असाल तरी बॉस्टन पब्लिक लायब्ररीचं ई-कार्ड घेता येतं, ते घ्याच, गावाच्या लायब्ररीत रांग लांब असते तिथे याच्यावर पटकन मिळतं. काही लायब्रऱ्या केकचे साचे, शिलाई मशीन, टेलिस्कोपसुद्धा देतात. मी लेकाच्या वाढदिवसाला डायनोसॉरचा साचा लायब्ररीतून आणला होता, सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

मराठी पुस्तकांची मात्र बोंब. आमच्या गावच्या लायब्ररीत एकही नाही. मंडळाच्या एका काकांच्या बेसमेंटमध्ये दोन कपाटं आहेत तेवढ्यावर भागवतो.

कावळा_करी_काव

वा वा, तिकडे सगळं फुकट, आणि इथे महिना १२० भरून पंखा पण नीट चालत नाही. हलके घ्या.

इंदिरानगरकर

@कावळा_करी_काव, फुकट नाहीये हो ते. तिकडे लोक घरपट्टीत भरतात. आणि आम्ही बंगळुरूत पण भरतो! कर्नाटकात मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर आहे, तमिळनाडूत दहा टक्के. मला हे घराची पावती नीट वाचली तेव्हा कळलं, तोपर्यंत पाच वर्षं भरून झाला होता आणि सरकारी लायब्ररीत पाऊल टाकलं नव्हतं. मग चिडून गेलो. वर्तमानपत्रं, कन्नड पुस्तकं भरपूर, इंग्रजी बऱ्यापैकी. मराठी अर्थातच नाही. पण मुलगी आता कन्नड वाचायला लागलीये तिथे, शिकवणी न लावता, ते कुठल्या हिशोबात धरायचं?

दाखल_क्रमांक

इंदिरानगरकरांनी बरोबर मुद्दा काढला. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा, त्यात उपकर नाही. आपली वाचनालयं बहुतेक लोकांनी काढलेल्या संस्था आहेत, सरकार त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं आणि वर्गाप्रमाणे अनुदान. बाकीचं वर्गणी, देणगी आणि हॉल भाड्याने देऊन. म्हणून वर्गणी आहे आणि म्हणूनच पंखा चालत नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की या संस्था आपल्या आहेत, सभासद वार्षिक सभेला जाऊन पंख्याबद्दल विचारू शकतो. कोणी जात नाही. आमच्या सभेला गणपूर्ती होत नसे, मग अर्धा तास थांबून त्याच जागी तीच सभा पुन्हा सुरू, चहा आणि बटाटेवडा घेऊन.

रंकाळा_चौपाटी

उपकर-बिपकर ठीक आहे पण एक सांगून ठेवतो, देशात ग्रंथालयाचा कायदा पहिल्यांदा केला तो आमच्या कोल्हापूर संस्थानाने, १९४५ साली. आणि आमचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं आहे. एवढंच. चालू द्या.

खडूफळा

@रंकाळा_चौपाटी, आमचं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. एवढंच :)

मिऱ्याबंदर

रत्नागिरी नगर वाचनालय, १८२८. आता बसा खाली दोघंही.

वहीवर_वही

धागा भरकटायच्या आत माझा अनुभव. मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, पुण्यात. पेठेतल्या खाजगी अभ्यासिकेत महिना १,२०० देत होतो, एसी, वायफाय, लॉकर वगैरे. त्याने स्वतःच शोधून काढलं की राहतो तिथून जवळ एका वाचनालयाची अभ्यासिका आहे, महिना ३००. एसी नाही, डबा खायला खाली कट्टा, रात्री दहाला दिवे बंद. तो म्हणतो दहाला बंद होतं तेच बरं, आधीच्या ठिकाणी रात्री दोनपर्यंत चहाच्या टपरीवर चर्चा चालायच्या. महिन्याला नऊशे वाचतात, वर्षाला १०,८००. आमच्यासारख्याला ही रक्कम मोठी आहे.

एक सावध करतो. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचनालयात असतात पण आवृत्ती बघा. चालू घडामोडी, अर्थसंकल्प, कायद्यातले बदल यांना तीन वर्षं जुनं पुस्तक म्हणजे नुकसानच. इतिहास, भूगोल, गणित-बुद्धिमत्ता याला चालतं. शाळेची पाठ्यपुस्तकं तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, पाचवी ते बारावीचा गठ्ठा त्यासाठी सेकंडहँड बाजारात दीड हजाराला विकतात ते घेऊ नका.

ताकभात

@वहीवर_वही, बालभारतीवरून आठवलं, किशोर मासिकाचे जुने अंक पण त्यांनी ऑनलाइन टाकलेत, अगदी १९७१ च्या पहिल्या अंकापासून. नवऱ्याने लहानपणी वाचलेला एक अंक शोधून काढला आणि मुलांना दाखवायला बोलावलं, मुलं पाच मिनिटांत पळाली, तो मात्र रात्री साडेबारापर्यंत वाचत बसला.

चुलीवरची_भाकरी

तुमचं सगळं शहरातलं झालं. आमच्या गावात वाचनालय आहे, ड वर्ग, उघडतं संध्याकाळी चारनंतर, म्हणजे ग्रंथपाल शेतातून आला तर. त्याला मिळणारं मानधन ऐकलंत तर तुम्ही त्याला बोल लावणार नाही, म्हणून मी पण लावत नाही. पेपर येतात, पुरुष मंडळी वाचतात, बायका त्या पायरीवर चढत नाहीत. आत सातशे पुस्तकं आहेत आणि कुलूप.

तर आम्ही काय केलं, आमच्या बचत गटात बारा जणी आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' म्हणून योजना आहे, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरतात, त्याबद्दल एकीच्या भावाने सांगितलं होतं. आम्ही म्हटलं पेटी नंतर बघू, आधी घरच्या घरी करू. प्रत्येकीने एक पुस्तक घ्यायचं, तीनशेच्या आत, दोघींनी सारखं घ्यायचं नाही. गटाची बैठक महिन्याच्या पाच तारखेला, हप्ता भरताना पुस्तक शेजारणीकडे सरकवायचं. तीनशे रुपयात वर्षाला बारा पुस्तकं घरात आली. हिशोब गटाच्याच वहीत, मागच्या पानावर. एका घरी पुस्तक शेळीने खाल्लं, खरंच खाल्लं, त्याचे शंभर रुपये दंड लावले आणि उरलेलं वाचलं.

मग दुसऱ्या वर्षी सरपंचांना जाऊन सांगितलं की बुधवारी दुपारी दोन ते चार वाचनालयाची किल्ली आम्हाला द्या. दिली. आता बुधवारी बायका आणि पोरं, बाकीचे दिवस पेपर.

जुना_बाड

@चुलीवरची_भाकरी, मुख्य धागा हाच आहे खरं तर. किल्लीचं कसं जमवलंत ते सविस्तर लिहा, वेगळा धागा काढा हवा तर. वाचनखूण साठवली आहे.

चुलीवरची_भाकरी

सविस्तर काय, सात वेळा गेलो. सातव्यांदा त्यांच्या आई पण आमच्यात होत्या.

छपाईची_शाई

थोडा विरुद्ध सूर. माझं छोटं प्रकाशन आहे. सगळ्यांनी वाचनालयातूनच वाचायचं ठरवलं तर आम्ही काय करायचं? मराठी कादंबरीची आवृत्ती आम्ही हजाराची काढायचो, आता पाचशेची काढतो आणि तीही दोन वर्षं गोदामात. तरी खरं सांगायचं तर त्या पाचशेतल्या अर्ध्या वाचनालयंच घेतात, ती नसती तर मी हा धंदा कधीच बंद केला असता. तेव्हा वाचनालयावर राग नाही. राग आहे तो व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर. आणि अनुदान वेळेवर आलं नाही की वाचनालयं आमची बिलं आठ-आठ महिने थकवतात, त्यावर.

ताकभात यांचा तिसऱ्यांदा मागितलं की विकत, हा नियम मला चालेल. लोकांनी तेवढं जरी केलं तरी.

दाखल_क्रमांक

@छपाईची_शाई, बिलं थकायची हे कबूल. आमचा पगारही थकायचा. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान आहे, १९७२ पासून, त्यांच्याकडूनही ग्रंथ येतात, पण ते गठ्ठ्याने येतात आणि वाचकांना हवं ते त्यात असेलच असं नाही. म्हणून परत तेच सांगतो, मागणी वही.

आल्तिन्यो

पणजीहून. आमची कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाची पाट्टोवरची इमारत पाहिली नसेल तर गोव्याला आल्यावर एक दुपार ठेवा. संस्था १८३२ ची, पोर्तुगीज काळातली (रत्नागिरीकर हसताहेत, माहितीय). मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. माझी दोन्ही मुलं मे महिन्यात तिथेच असायची, म्हणजे घरचा एसी बंद आणि समर कॅम्पची फी शून्य, हे तुमच्या हिशोबात कोणी धरलेलं दिसत नाही. मराठी, कोंकणी, इंग्रजी, पोर्तुगीज सगळं एका छपराखाली, सासरे पोर्तुगीज पुस्तकांच्या मजल्यावरून खालीच उतरत नाहीत.

टपालपेटी

फिरायला जायचं तर भिलार पण. पाचगणीजवळ, पुस्तकांचं गाव, २०१७ मध्ये सुरू झालं. लोकांच्या घरांतच पुस्तकं ठेवलीत विषयवार, कोणाच्या ओसरीवर कविता, कोणाकडे इतिहास, बसा आणि वाचा, पैसे नाहीत. आम्ही महाबळेश्वरला जाऊन घोडे, बोटिंग, चणे, मक्याची कणसं यात दिवसाला तीन हजार घालवायचो, मागच्या वेळी एक अख्खा दिवस भिलारला काढला, खर्च जेवणाचा आणि स्ट्रॉबेरीचा. मुलगा एका आजोबांच्या माडीवर जो बसला तो उठेचना, आजोबांनी त्याला चहा पण दिला.

कावळा_करी_काव

सगळं मान्य. पण दिवाळी अंकांचं कोणी बोलेल का? आमच्याकडे योजनेत ६० अंक म्हणतात, त्यातले चांगले आठ. ते आठ डिसेंबरपर्यंत काही ठराविक मंडळींच्याच घरी फिरत असतात. आमच्या वाट्याला ज्योतिष आणि पाककृती. फेब्रुवारीत एकदाचा हवा तो अंक आला तर मधलं कथेचं पान गायब.

दाखल_क्रमांक

ठराविक मंडळी पहिल्या दिवशी सकाळी नऊला येऊन उभी असतात, एवढंच रहस्य आहे. दुसरा उपाय, शेजारच्या दोन घरांशी बोलून प्रत्येकाने एकेक अंक विकत घ्यायचा आणि आपसात फिरवायचा, बाकीचे वाचनालयातून. पान फाडणाऱ्याला उपाय नाही. माझ्या हयातीत एकच पकडला, तो शब्दकोड्यासाठी फाडायचा. आम्ही त्याला कोड्याची झेरॉक्स काढून द्यायला लागलो.

मेपल_आणि_मोदक

ताकभात, एक सुचवते. इथल्या लायब्रऱ्या वर्षातून एकदा जादा पुस्तकं विकतात, शेवटच्या दिवशी पिशवीच्या भावाने, पिशवीत मावतील तेवढी ठरावीक डॉलरमध्ये. तुमच्या वाचनालयातही जीर्ण आणि दुबार प्रती निघत असतील, विचारून बघा. आणि दंडाचं वाईट वाटून घेऊ नका, इथे बऱ्याच ठिकाणी उशिराचा दंड बंदच केलाय, शिकागोने २०१९ मध्ये केला, लोकांनी वर्षानुवर्षं लपवलेली पुस्तकं आणून दिली.

ताकभात

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. शनिवारी जाऊन आले, त्याचा वृत्तांत.

मागणी वही मागितली तर काउंटरवरच्या ताई दोन मिनिटं माझ्याकडे बघतच राहिल्या. मग खालच्या खणातून काढली, शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची. लेकीने स्वतःच्या अक्षरात चार नावं लिहिली, त्यातली दोन एकाच मालिकेची आहेत त्यामुळे मिळतील असं नाही. ट्रॉलीचा सल्ला पहिल्याच फेरीत लागू पडला, मी मे पासून शोधत असलेलं प्रवासवर्णन ट्रॉलीवर वरच होतं. जीर्ण पुस्तकांची विक्री वर्धापनदिनाला असते म्हणाल्या, तेव्हा परत इथे लिहीन.

दंडाचा आकडा मात्र ९५ वरून १५५ झालाय. धाकट्याचं एक पुस्तक तीन आठवडे सापडत नव्हतं, पलंगाखाली, गाडीत, आजीच्या पोथ्यांत, सगळीकडे बघितलं, नवीन आणून द्यायची तयारी ठेवली होती, आणि काल इस्त्रीवाले भय्या गठ्ठ्यातून नवऱ्याच्या दोन शर्टांच्या मध्ये घडी केल्यासारखं घेऊन आले. म्हणाले, ताई याचे पैसे नाही लावले.

सासूबाईंना अख्खा धागा वाचून दाखवला. चुलीवरच्या भाकरीची शेळी त्यांना फार आवडली. शेवटी जरा गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, तू पानाचा नंबर कशाला सांगितलास सगळ्यांना, आता मला पान बदलावं लागणार.